पातळ लॅपटॉप घेताय? मग जाडी कुठं गेली ते आधी शोधा

मागच्या एप्रिलमधे सांगलीच्या मावसभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. दुकानाच्या काउंटरवर ठेवलेला लॅपटॉप, आणि फोटो काढलाय कडेनं, म्हणजे स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, नुसती एक चंदेरी रेघ. खाली मेसेज, "दादा, हा घेऊ का? बघ किती बारीक आहे." मी विचारलं रॅम किती, तर म्हणे विचारून सांगतो. प्रोसेसर कुठला, तर म्हणे आय-फाईव्ह आहे वाटतं. जाडी मात्र त्याला तोंडपाठ, १५.९ मिलिमीटर! मी म्हटलं घेऊ नको, आधी घरी जा, रविवारी मी येतोय.

तर त्या रविवारी दुकानात उभं राहून त्याला जे जे सांगितलं, आणि त्याआधीही निम्म्या नातेवाईकांना जे सांगून झालंय, ते इथं एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की माझं काम झालं.

मूळ मुद्दा एकच आहे. लॅपटॉप पातळ झाला म्हणजे आतलं काहीतरी काढलंय किंवा दाबून बसवलंय. बॅटरी छोटी केली, पंखा छोटा केला, रॅमचा स्लॉट काढून चिप बोर्डावरच चिकटवली, कीबोर्डची बटणं उथळ केली, लॅनचं पोर्ट उडवलं, कुठून ना कुठून ते मिलिमीटर आलेले असतात. यात फसवणूक वगैरे काही नाही, हा सौदा आहे आणि जुना सौदा आहे. जानेवारी २००८ मधे स्टीव्ह जॉब्जनं कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर बाहेर काढला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच मशीनला यूएसबी पोर्ट होतं एक, सीडी ड्राईव्ह नव्हता, लॅनचं पोर्ट नव्हतं, रॅम बोर्डावरच पक्की. तेव्हापासून हाच खेळ चालूय. तुम्ही फक्त बघायचं की जे काढलंय ते तुम्हाला लागणारं होतं का. नसेल लागणारं तर खुशाल घ्या, पातळ लॅपटॉप फार छान वस्तू आहे, मी स्वतः वापरतो.

दुकानात जाताना शिवणकामाची मेजपट्टी, एक पेनड्राईव्ह आणि जमलं तर सामान तोलायचा तो हुकवाला छोटा काटा न्या. लोक हसतील, हसू दे. पेनड्राईव्हमधे तुमच्या रोजच्या कामाची एक मोठी एक्सेल फाईल, एक मराठी पीडीएफ (सातबारा किंवा एखादा जीआर चालेल), दोन-चार फोटो आणि नुसत्या पांढऱ्या, काळ्या, लाल, हिरव्या, निळ्या रंगाची पाच चित्रं टाकून घ्या.

आता स्क्रीन. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण इथंच लोक सगळ्यात जास्त गंडतात. दुकानातला डेमो व्हिडिओ पहिल्यांदा बंद करायला लावा. तो समुद्राखालचे मासे आणि रंगीत शाई पाण्यात पसरतानाचा व्हिडिओ कुठल्याही स्क्रीनवर भारी दिसतो. तुम्ही घरी जाऊन मासे बघणार नाही, एक्सेल बघणार आहात.

"१५.६ इंच" हा आकडा म्हणजे स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. त्यातनं उंची कळत नाही आणि वाइडस्क्रीनची सगळी गोम उंचीत आहे. १६:९ आकाराची (म्हणजे रुंदी १६ भाग, उंची ९) १५.६ इंची स्क्रीन मोजली तर रुंदी साधारण ३४.५ सेंटीमीटर आणि उंची फक्त १९.४. आपला ए-फोर कागद २९.७ सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे खऱ्या आकारात पानाचा दोन तृतीयांश भागच मावतो, आणि त्यातनं परत खालची टास्कबार, वरची वर्डची पट्टी, ब्राउझरचे टॅब एवढं वजा करा. सातबारा उघडला की वरचं नाव दिसतं तेव्हा खालचे शेरे दिसत नाहीत, सारखं वर-खाली वर-खाली.

त्याच्या शेजारी १६:१० ची १६ इंची ठेवा. तिची रुंदी पण ३४.५ च येते, आणि उंची २१.५. म्हणजे बॅग तीच, टेबलावर जागा जवळपास तेवढीच, आणि वर-खाली दोन सेंटीमीटर जास्त मिळाले. पिक्सेलच्या भाषेत सांगायचं तर १९२० बाय १०८० च्या जागी १९२० बाय १२००, १२० ओळी जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं पण दिवसभर लिहिणाऱ्या, हिशेब करणाऱ्या, कोड लिहिणाऱ्या माणसाला हे दोन सेंटीमीटर फार जाणवतात. तुमची एक्सेल फाईल दोन्ही मशीनवर १०० टक्के झूमला उघडा आणि किती ओळी दिसतात त्या सरळ मोजा. स्पेसिफिकेशनच्या कागदापेक्षा हे बरं. फक्त एक बघा, विंडोजचं स्केलिंग (अक्षरं मोठी-छोटी करायची सेटिंग) दोन्हीकडं सारखं हवं, एकीकडं १२५ आणि दुसरीकडं १५० असेल तर तुलना फुकट.

सिनेमावाल्यांसाठी उलटं आहे. बरेच सिनेमे २.३९:१ असे लांबट असतात. १४ इंची १६:९ स्क्रीनवर वर आणि खाली साधारण २.२ सेंटीमीटरच्या काळ्या पट्ट्या येतात, तर १६:१० वर त्या ३ सेंटीमीटरच्या वर जातात. मला याचं काही वाटत नाही, पण ज्यांना वाटतं त्यांनी आधीच बघावं, घरी नेऊन मग म्हणू नये की स्क्रीन बिघडलीय.

मग शार्पनेस. अजूनही स्वस्तातले काही १५.६ इंची लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चे सापडतात, सेकंडहॅन्डमधे तर ढिगानं. त्यात एका इंचात जेमतेम १०० पिक्सेल. इंग्रजी चालून जातं हो, पण देवनागरीत रेघ वर, मात्रा तिच्याही वर, उकार खाली आणि मधे जोडाक्षर, एवढं सगळं एका ओळीत बसवायचं असतं. "राष्ट्र", "दृष्ट्या", "वाङ्मय" असले शब्द साध्या आकारात टाईप करून बघा. ष्ट्र चा नुसता काळा ठिपका दिसत असेल तर ती स्क्रीन मराठी कामासाठी सोडून द्या. फुल एचडीला १५.६ इंचात १४१ पिक्सेल पडतात, तिथं हा त्रास नाही.

रंगांसाठी कागदावर "४५ टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं दिसलं तर समजा फिकी स्क्रीन आहे, ते साधारण ६२ टक्के एसआरजीबी होतं (दोन्ही स्क्रीन किती रंग दाखवते त्याची मापं). "१०० टक्के एसआरजीबी" असेल तर चांगली. माझ्या ओळखीच्या एक काकू घरून साड्या विकतात, त्यांनी असला फिका लॅपटॉप घेतला आणि त्यावर फोटो सुधारून सुधारून गिऱ्हाईकांना पाठवले. त्यांना लाल फिका वाटला म्हणून त्यांनी लाल वाढवला, समोरच्या बाईला मोबाईलवर तो भडक दिसला, साडी आल्यावर म्हणे फोटोतली ही नव्हेच. सोपी टेस्ट म्हणजे झेंडूच्या फुलांचा फोटो उघडा, केशरी आणि पिवळी फुलं वेगवेगळी ओळखू येतात का बघा. मोबाईलशी ताडून बघायला हरकत नाही, पण मोबाईल स्वतःच रंग वाढवून दाखवतो हे लक्षात असू द्या.

उजेडाचं माप निट्समधे देतात. २५० निट्स म्हणजे बंद खोलीपुरतं, ४०० असेल तर खिडकीशेजारी, गॅलरीत पण जमतं. दुकानातल्या ट्यूबखाली उभं राहून काही कळत नाही, मशीन उचलून दाराशी घेऊन जा, स्क्रीन काळी करा आणि बघा तुमचाच चेहरा किती स्पष्ट दिसतो. ओएलईडी (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो) असेल तर काळा रंग असा सुंदर दिसतो की बाकी सगळं विसरायला होतं, पण ब्राईटनेस ३० टक्क्यांवर आणून मोबाईलच्या स्लो-मोशनमधे शूट करून बघा, पट्टे पळताना दिसले तर स्क्रीन लुकलुकतेय. सगळ्यांना त्रास होत नाही, ज्यांना होतो त्यांचं डोकं दुखतं. शिवाय दिवसभर एकच टॅलीची स्क्रीन उघडी राहणार असेल तर ओएलईडीवर वर्षांनी तिचा डाग बसायची शक्यता असते, तिथं साधी आयपीएस (एलसीडीचाच प्रकार) बरी. ती पाच रंगांची चित्रं शेवटी फुल स्क्रीन करून अडकलेला पिक्सेल आहे का बघून घ्या. झालं स्क्रीनचं.

कीबोर्डला लोक दोन बटणं दाबून "मस्तंय" म्हणतात. असं नाही चालत, खुर्ची मागा आणि बसून पाच मिनिटं टाईप करा. पातळ मशीनमधे बटण १ ते १.३ मिलिमीटरच खाली जातं, जुन्या जाड्यांमधे दीड-दोन जायचं. काहींना हे आवडतं, बोटं पळतात. पण मधोमध, जी आणि एचच्या आसपास, जरा जोरात दाबा. अख्खी पाटी खाली वाकत असेल तर पातळपणा तिथनं आलाय.

इनस्क्रिप्टमधे (विंडोजमधे असलेली भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी) मराठी टाईप करणाऱ्यांनी एक खास गोष्ट बघायची, जी कुठल्याच रिव्ह्यूमधे सापडणार नाही. आपला ट, ड, च आणि ॉ हे सगळे कीबोर्डच्या उजव्या टोकाला आहेत, चौकटी कंसाच्या, अर्धविरामाच्या, अवतरण चिन्हाच्या, उलट्या स्लॅशच्या बटणांवर. इंग्रजीत ती बटणं कोण फारशी वापरत नाही, म्हणून छोट्या लॅपटॉपमधे जागा कमी पडली की कंपन्या नेमकी तीच बटणं बारीक करतात! तर मराठी कीबोर्ड चालू करा आणि "डॉक्टर", "चटणी", "टॉवेल" असं चार-पाचदा टाईप करा. करंगळी सारखी एंटरवर पडत असेल तर रोज पडणार आहे.

अकाउंटवाल्यांना नंबरपॅड लागतो, तो १५.६ किंवा १६ इंचीतच मिळतो, १४ त क्वचितच. पण त्याचीही किंमत आहे, नंबरपॅडमुळं मुख्य कीबोर्ड डावीकडं सरकतो, म्हणजे हात डावीकडं आणि मान स्क्रीनच्या मध्यावर, दिवसभर असं तिरकं बसायचं. आकडे फार मारत नसाल तर नंबरपॅड नसलेलाच घ्या. आणि टॅलीवर काम असेल तर वरच्या ओळीतल्या एफ-की आवर्जून तपासा. टॅलीत एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-८ सेल्स, एफ-९ परचेस, हाताला सवय असते. नव्या पातळ लॅपटॉपात एफ-५ दाबलं की ब्राईटनेस कमी होतो नाहीतर आवाज बंद होतो. बऱ्याच मशीनमधे एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की हे उलटं करता येतं, काहींमधे बायोसमधे (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधे) जाऊन बदलावं लागतं. दुकानातच करून बघा. भाऊ तर हे बघून हादरलाच, त्याला वाटलं टॅली चालणारच नाही.

आता बॉडी. जाहिरातीतली जाडी बहुतेक वेळा पुढच्या, सगळ्यात बारीक कडेची असते, आणि खालचे रबरी पाय मोजलेले नसतात. मेजपट्टी मागच्या बाजूला बिजागरीपाशी लावा. भावाचा तो १५.९ वाला तिथं पायांसकट २१ च्या वर भरला. वजनाचंही तसंच, काट्याला चार्जरसकट लटकवा, कारण खांद्यावर दोन्ही येणार. लॅपटॉप १.४ किलोचा आणि चार्जरची वीट व तीन पिनांची जाड वायर मिळून आणखी ४०० ग्रॅम, मग कसला आला स्लिम.

मग झाकण. दोन्ही हातांनी वरचे कोपरे धरून अगदी हलकं पिळा, स्क्रीनवर लाटा उमटतात का बघा. पातळ झाकणाच्या मशीनला लोकलच्या गर्दीत, एसटीच्या रॅकवर बॅगेत मागून दाब बसतो तो थेट पॅनेलवर. कीबोर्डवर पेन किंवा इअरफोन राहिला आणि झाकण मिटलं की स्क्रीन गेलीच. कॅमेऱ्यावर ते सरकतं कव्हर चिकटवतात ना, त्याबद्दल तर अ‍ॅपलनंच २०२० मधे सांगितलं होतं की ते लावून मॅकबुक बंद करू नका. फटच एवढी बारीक असते.

बिजागरीचं मात्र माझ्यावर बेतलेलं सांगतो. २०१९ मधे मी एक पातळ १५.६ इंची घेतला, कंपनीचं नाव राहू दे. दोन वर्षं मजेत. एक दिवस सकाळी नेहमीसारखा उघडला आणि उजव्या कोपऱ्यातनं कट् असा आवाज आला, खारी बिस्किट मोडल्यासारखा. बघतो तर स्क्रीनची खालची पट्टी सुटून बाहेर आलेली आणि मिटवायला गेलं की फट आणखी वाढतेय. बिजागरी लोखंडी होती, तिला काही झालं नव्हतं, पण तिचे स्क्रू ज्या पितळी बुशांमधे बसतात ते बुश नुसत्या प्लॅस्टिकमधे रोवलेले होते, आणि ते प्लॅस्टिक फुटलं. सर्व्हिस सेंटर म्हणालं स्क्रीनसकट अख्खं झाकण बदलावं लागेल, अठरा हजार. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिरानं आरपार भोक पाडून दोन बारीक नटबोल्ट मारून दिले, पाठीवर दोन टिकल्या दिसतात, पण आजही चालतोय, मुलगी वापरते.

त्यामुळं आता मी काय बघतो, तर झाकण एका कोपऱ्यात धरून उघडलं की दुसरा कोपरा मागं राहतो का. राहत असेल तर नको. एका बोटानं उघडतो म्हणून सेल्समन कौतुक करतो ते ठीक आहे, बिजागरी हलकी आहे एवढं त्यातनं कळतं आणि ते चांगलंच आहे, फार घट्ट बिजागरीच प्लॅस्टिक फोडते. आणि घेतल्यावर उघडताना मधोमध धरून उघडा, कोपऱ्यात धरून नाही.

गरम होण्याचा विषय आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचा, आणि एसी लावलेल्या दुकानात तो कळतच नाही. अ‍ॅपल मॅकबुकसाठी वापराचं तापमान १० ते ३५ अंश देतं. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूरला बाहेर ४५ असतं, वरच्या मजल्यावरच्या खोलीत लाईट गेल्यावर किती असेल ते तुम्हीच ठरवा. चिप १०० अंशांच्या आसपास गेली की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते. जाड मशीनमधे मोठा पंखा आणि तांब्याच्या जाड नळ्या असतात म्हणून ती वेळ उशिरा येते, पातळमधे लवकर. म्हणून एकच प्रोसेसर दोन लॅपटॉपमधे वेगवेगळा पळतो, कागदावर नाव तेच.

नावाच्या शेवटचं अक्षर बघायची सवय लावा. इंटेलच्या १२व्या-१३व्या पिढीत यू म्हणजे मूळ १५ वॉटची चिप, पी म्हणजे २८, एच म्हणजे ४५. नव्या अल्ट्रा नावांमधे हे आकडे बदललेत, तिथं एच असूनही मूळ २८ वॉट असू शकते, म्हणून मॉडेलचं पूर्ण नाव टाकून बघा. पातळ डब्यात ४५ वॉटची चिप कोंबलेली असेल तर मी तरी लांबच राहतो, पहिली दोन मिनिटं रॉकेट आणि मग बैलगाडी. साध्या कामाला यू वाली भरपूर आहे.

तपासायचं कसं? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, परफॉर्मन्समधे सीपीयू बघा, तिथं चालू वेग गिगाहर्ट्झमधे दिसतो. आता पेनड्राईव्हमधलं मोठं फोल्डर झिप करायला लावा आणि शेजारी एखादा फोर-के व्हिडिओ चालू ठेवा. दहा मिनिटं. तेवढ्यात दुकानदाराशी गप्पा मारा, चहा येतोच. सुरुवातीचा वेग लिहून ठेवा आणि दहाव्या मिनिटाचा बघा. थोडा उतरणारच, पण निम्म्याच्या खाली आला तर समजून जा. मग हात ठेवा, जिथं तळहात टेकतात तिथं, कीबोर्डच्या वरच्या भागात आणि खाली पोटाशी. तळहातापाशी कोमट ठीक, चटका नको. कान देऊन पंखा ऐका. छोट्या पंख्याला जास्त जोरात फिरावं लागतं म्हणून त्याचा आवाज बारीक, डासासारखा येतो, रात्री शांत खोलीत तो डोक्यात जातो. पंखाच नसलेली मशीनं पण येतात, एम-सिरीजचे मॅकबुक एअर तसेच आहेत, एकदम गप्प, रोजच्या कामाला झकास, पण तासभर व्हिडिओ एडिट करायला बसलात तर तेही हळू होतात.

आणि उलटा करून हवा कुठून घेतो ते बघा. बहुतेक पातळ लॅपटॉप पोटाखालून हवा ओढतात. गादीवर, गोधडीवर ठेवला की तोंडच बंद. ज्यांच्या घरी मुलं पलंगावरच अभ्यास करणार त्यांनी लाकडी पाट काढून द्यावा, कूलिंग पॅडपेक्षा तो बरा.

रॅमसाठी परत त्याच टास्क मॅनेजरमधे मेमरीवर क्लिक करा. "फॉर्म फॅक्टर" समोर एसओडीआयएमएम लिहिलं असेल तर रॅम काढता-घालता येते. "रो ऑफ चिप्स" असेल तर बोर्डावर चिकटवलेली, जन्मभर तीच. मग ८ जीबी घेऊन "पुढं वाढवू" असं कुणी म्हणत असेल तर त्याला हे दाखवा. चिकटवलेली असेल तर थेट १६ घ्या, नसेल परवडत तर स्लॉटवालं जरा जाड मॉडेल बघा. एसएसडी बहुतेकांत बदलता येते, तिची एवढी काळजी नाही.

पोर्टचं थोडक्यात. यूएसबी-सी दिसायला सगळी सारखीच, करतात वेगवेगळं. एखादं नुसता डेटा नेतं, एखादं चार्जिंगपण घेतं, एखादं टीव्हीला चित्रपण देतं. विचारू नका, जोडून बघा. आणि मास्तर लोकांनो, कॉलेजातल्या प्रोजेक्टरला अजून व्हीजीए वायर असते, अडॅप्टरचे पैसे आत्ताच धरून ठेवा.

बॅटरीवर "१२ तास" असं लिहिलेलं वाचूच नका, वॉट-अवर (बॅटरीत किती वीज मावते ते) बघा, खालच्या स्टिकरवर किंवा वेबसाईटवर मिळतो. साधं काम, वायफाय चालू, ब्राईटनेस अर्ध्यावर, याला साधारण ८ वॉट धरा. ५० ची बॅटरी भागिले ८, म्हणजे सव्वासहा तास. ऑनलाईन मीटिंग लावली की १५ वॉट सहज, मग तीन तास आणि वर थोडं. पातळमधे ४० च्या आसपासची बॅटरी पण देतात, ती घेऊन दिवसभर बिनचार्जरचं फिरायचं स्वप्न बघू नका. सेकंडहॅन्ड घेत असाल तर टचपॅड दाबून बघा. बॅटरी त्याच्याच खाली पसरलेली असते, ती फुगली की टचपॅड वर येतं आणि क्लिक होत नाही. तसं असेल तर किती का स्वस्त असेना, हात जोडा.

कॅमेरा आणि स्पीकर यांच्याकडनं फार अपेक्षा ठेवू नका. चार-पाच मिलिमीटरच्या झाकणात कॅमेरा बसवायचा म्हटल्यावर तो तसाच असणार. आवाज खालून येतो, टेबलावर बरा, गादीवर गुदमरतो.

धातूच्या बॉडीचा घेतलात तर घरी चार्जिंगला लावून हाताला झिणझिण येते का बघा. येत असेल तर घाबरून दुकानात पळू नका, चार्जरमधल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो आणि आपल्या जुन्या घरांत सॉकेटला अर्थिंगच नसतं म्हणून तो तिथंच राहतो. तीन पिनांचा चार्जर नीट अर्थिंगच्या सॉकेटला लावला की बहुतेक वेळा जाते. वायरमनला बोलावून अर्थिंग बघून घ्या, तसंही ते करायचं राहिलेलंच असतं.

एवढं वाचून पातळ लॅपटॉप नकोच असं वाटलं असेल तर थांबा. रोज डोंबिवलीहून उभ्यानं जाणाऱ्याला पाचशे ग्रॅमचा फरक खांद्याला कळतो. रेल्वेतल्या त्या छोट्या ट्रेवर जाड मशीन उघडतच नाही. मोबाईल आणि लॅपटॉप एकाच यूएसबी-सी चार्जरवर चालतात ही केवढी सोय आहे. ज्याचं काम लिहिणं, ईमेल, ब्राउझर, मीटिंग एवढंच आहे आणि जो रोज घेऊन फिरतो त्यानं पातळच घ्यावा. जो टेबलावरून हलवतच नाही त्यानं पातळपणासाठी जास्तीचे पैसे का द्यायचे, हे मला कळलेलं नाही.

भावाचं म्हणाल तर त्याचं काम टॅली आणि जीएसटी रिटर्न, लॅपटॉप आठवड्यातनं दोनदा बाईकवर. ती चंदेरी रेघ एफ-कीच्या टेस्टला वाचली पण रॅमला पडली, ८ जीबी चिकटवलेली. शेवटी १६ इंची १६:१० घेतला, नंबरपॅडवाला, एक रॅम स्लॉट मोकळा, वजन चार्जरसकट सव्वादोन किलो. बिलावर सीरियल नंबर बघून घेतला, खोका टाकू नको म्हणून बजावलं. आणि घरी गेल्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाईप करून एंटर मारायला सांगितलं, त्यानं एक फाईल तयार होते, तिच्यात बॅटरी कितीची बनवली आणि आत्ता किती भरतेय ते दोन्ही आकडे असतात, दुकानात वर्षभर डेमोला पडलेला पीस असेल तर तिथं लगेच उघडा पडतो.

रात्री साडेअकराला मेसेज आला, "दादा, डिझाईन ५७ दाखवतंय आणि फुल चार्ज ५६. परत करू का?"

म्हटलं, झोप आता.